कांद्याची सौदापट्टी डेटाबेसमध्ये उतरवताना: टेबल, की आणि वेब सर्व्हिस

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर हिशोबाला बसणाऱ्या माणसाशेजारी दिवसभर थांबले, तर रिलेशनल डेटाबेस, म्हणजे माहिती ओळी आणि रकान्यांच्या टेबलांत ठेवणारी यंत्रणा, समजण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे तेथील कागदांवर आधीच लिहिलेले सापडते. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात ट्रॅक्टर रांगेत लागतो, लिलावात भाव ठरतो, सौदापट्टी फाडली जाते, मग काट्यावर आधी भरलेल्या आणि नंतर रिकाम्या वाहनाचे वजन होते, आणि दोन्हींतील फरकाला भावाने गुणून शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. हाच एक सौदा घेऊन त्याची टेबले कशी आखावीत आणि मोबाइलवरून आलेली नोंद वेब सर्व्हिसमार्फत, म्हणजे मोबाइल आणि डेटाबेस यांच्या मध्ये बसणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, तेथे सुखरूप कशी पोहोचवावी, हे येथे क्रमाने मांडतो. नियम फॉर्ममध्ये किंवा ॲपमध्ये लिहून भागत नाही, ते डेटाबेसमध्येच लिहिले पाहिजेत, हे माझे मत पुढे वारंवार डोकावेल. त्यामागे माझीच एक जुनी चूक आहे आणि ती योग्य ठिकाणी सांगेन.

सोबत करून पाहायचे असल्यास पोस्टग्रेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर वापरावे. ते मोफत आहे आणि नियमांच्या बाबतीत पुरेसे कडक आहे. एसक्यूलाइट हे दुसरे सॉफ्टवेअरही चालेल, परंतु त्यात फॉरेन कीची (एका टेबलातील ओळीने दुसऱ्या टेबलातील खऱ्या ओळीकडेच बोट दाखवावे या नियमाची) तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी ती मुद्दाम सुरू करावी लागते. शिवाय साध्या टेबलात आकड्याच्या रकान्यात अक्षरे टाकली तरी ते बिनतक्रार ठेवून घेते. शिकणाऱ्याला हा मोकळेपणा महागात पडतो. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावयाची आहेत.

पहिले काम कागदावरचे

संगणक सुरू करण्यापूर्वी जुन्या दहा-बारा पट्ट्या समोर पसराव्यात आणि प्रत्येकीवर पुन्हा पुन्हा काय लिहिले जाते ते पेन्सिलीने अधोरेखित करावे. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक, वाहनाचा क्रमांक, व्यापाऱ्याचे नाव, कांद्याचा प्रकार (लाल की उन्हाळ), भाव, दोन वजने, कपाती आणि निव्वळ रक्कम, इतके साधारणपणे निघते. हे सगळे एक्सेलच्या एकाच पानावर एकेका ओळीत भरणे सर्वांत सोपे वाटते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच चालते.

अडचण पहिल्या हंगामातच उभी राहते. एका शेतकऱ्याने वर्षभरात चौदा वाहने आणली असतील, तर त्याचा मोबाइल क्रमांक चौदा ठिकाणी लिहिला जातो. त्याने क्रमांक बदलला की चौदाही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि त्यांतील दोन ओळी राहून गेल्या, तर खरा क्रमांक कोणता हे पान सांगू शकत नाही. नव्या व्यापाऱ्याची नोंद करायची असेल, तर त्याचा पहिला सौदा होईपर्यंत त्याला या पानावर जागाच नसते. उलट, एखाद्या व्यापाऱ्याचा एकुलता एक सौदा चुकीचा म्हणून पुसला, तर सौद्याबरोबर तो व्यापारीही पुसला जातो. नॉर्मलायझेशन या भारदस्त शब्दाखाली जे नियम शिकवले जातात, ते या तीन दुखण्यांवरचे उपचार आहेत. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, आणि त्या जागेतील प्रत्येक रकाना त्या ओळीच्या मुख्य ओळखीविषयीच बोलत असावा, इतके पाळले तरी तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंतचे (या नियमांच्या तिसऱ्या पायरीपर्यंतचे) बरेचसे काम होऊन जाते.

म्हणून आपल्या सौद्यासाठी पाच टेबले करू: शेतकरी, व्यापारी, सौदा, वजन आणि कपात. कपातीचे वेगळे टेबल पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. सौद्याच्या टेबलातच हमालीचा एक आणि तोलाईचा एक रकाना का देऊ नये? कारण कपातींचे प्रकार आणि त्या कोणी सोसायच्या हे वादाचे आणि बदलणारे विषय आहेत. प्रत्येक कपात ही स्वतंत्र ओळ असेल, तर नवा प्रकार आला किंवा जुना बंद झाला तरी टेबलाची रचना मोडावी लागत नाही. जे संख्येने वाढू शकते ते ओळींत जावे, रकान्यांत नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. रिलेशनल हे नाव टेबलांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यांवरून पडले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात रिलेशन ही गणितातील संकल्पना असून ओळींचा संच, म्हणजे टेबल, हेच मुळात रिलेशन असते. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही मांडणी केली. तिचा गाभा असा होता, की माहिती डिस्कवर कशी रचून ठेवली आहे याच्याशी ती वापरणाऱ्याचा संबंध येऊ नये; त्याने काय हवे ते सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्रणेने ठरवावे. एसक्यूएल ही डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा त्यानंतर काही वर्षांनी आयबीएममध्येच घडली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग हा संगणकशास्त्रातील मानाचा पुरस्कार मिळाला.

ओळख कशाने पटवावी

प्रत्येक टेबलात प्रत्येक ओळीची अशी एक ओळख हवी, जी दुसऱ्या ओळीची कधीच नसेल आणि जी कधी बदलणार नाही. तीच प्रायमरी की. शेतकऱ्याचे नाव ही ओळख होऊ शकत नाही, कारण एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तिघे सहज निघतात. मोबाइल क्रमांकही उपयोगाचा नाही. तो बदलतो, आणि पुष्कळदा बाप-लेकांचा एकच असतो. यासाठी डेटाबेसकडून आपोआप मिळणारा अनुक्रमांक वापरावा.

मात्र हाच अनुक्रमांक पट्टी क्रमांक म्हणून छापू नये. एखादी नोंद अर्धवट राहून रद्द झाली, तरी पोस्टग्रेसने दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही. १०२ नंतर थेट १०४ येतो आणि हिशोब तपासणारा १०३ क्रमांकाची पट्टी मागत बसतो. पट्टी क्रमांकासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि त्यावर युनिक हा नियम (एकच मूल्य दोन ओळींत येऊ न देणारा) लावावा.

आता सौद्याच्या ओळीत शेतकऱ्याचे नाव न लिहिता केवळ त्याचा क्रमांक लिहावयाचा आणि त्यावर फॉरेन कीचा नियम ठेवावयाचा. म्हणजे जो शेतकरी टेबलात नाही, त्याच्या नावावर सौदा चढवता येत नाही, आणि ज्याचे सौदे आहेत, तो शेतकरी पुसता येत नाही. या रकान्यावर इंडेक्सही (ओळी झटपट शोधून देणारी सूची) स्वतः करावा लागतो. फॉरेन की जाहीर केली म्हणजे पोस्टग्रेस तो आपोआप करून देत नाही, आणि हंगामाच्या अखेरीस याद्या संथ निघू लागल्या की हे उशिरा लक्षात येते.

नावांच्या बाबतीत मराठीची स्वतःची एक गंमत आहे. बोऱ्हाडे या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त देतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे असतात, आणि शोधल्यावर अर्धे सौदे गायब होतात. युनिकोडचे (अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचे) नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे सारखी अक्षरे एका रूपात आणणे, हा फरक मिटवत नाही. म्हणून नाव साठवण्यापूर्वी वेब सर्व्हिसमध्येच एक रूप ठरवून दुसरे त्यात बदलून घ्यावे. वाहन क्रमांकाचेही तसेच आहे: एमएच १५ आणि एमएच ४१ च्या पुढे कोणी जागा सोडतो, कोणी आडवी रेघ देतो, तेव्हा साठवताना जागा आणि रेघा काढून टाकलेल्या बऱ्या.

रकान्यांचे प्रकार आणि नियम

पैसे आणि वजन यांसाठी फ्लोट हा प्रकार कधीही वापरू नये. संगणक त्यात दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने अंदाजे साठवतो, आणि ०.१ व ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. वजन पूर्ण किलोग्रॅममध्ये आणि भाव दर क्विंटलला पूर्ण रुपयांत ठेवला, तर एक सोय आपोआप हाती लागते. क्विंटलमध्ये शंभर किलो आणि रुपयात शंभर पैसे असल्याने किलो गुणिले क्विंटलचा भाव म्हणजे थेट पैशांतील रक्कम. भरलेले वाहन ४,८६५ किलो आणि रिकामे २,५४० किलो भरले, तर माल २,३२५ किलो. भाव १,८५० रुपये असेल, तर गुणाकार ४३,०१,२५० पैसे, म्हणजे ४३,०१२ रुपये ५० पैसे. भागाकार नाही, म्हणून गोलाई नाही आणि गोलाईवरून होणारा वादही नाही.

वजनाच्या टेबलावर चेक हा नियम लावून भरलेले वजन रिकाम्या वजनापेक्षा जास्तच असले पाहिजे असे लिहावे, भाव शून्यापेक्षा मोठा असावा असेही लिहावे, आणि ज्या रकान्यावाचून ओळीला अर्थ नाही, त्याला नॉट नल (रिकामा चालणार नाही) म्हणावे. हे नियम फॉर्मवर आधीच आहेत, असे कोणी म्हणेल. पण उद्या त्याच डेटाबेसमध्ये दुसरे ॲप लिहू लागेल, किंवा कोणी तरी रात्री थेट एसक्यूएल चालवून दुरुस्ती करेल, तेव्हा तो फॉर्म मध्ये नसेल.

वेळेसाठी टाइमझोनसह असलेला प्रकार घ्यावा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने १२ एप्रिलच्या पहाटे चारला रांगेत लागलेल्या ट्रॅक्टरची वेळ जागतिक वेळेनुसार ११ एप्रिलची रात्रीची साडेदहा असते. दिवसाची आवक मोजताना तारीख भारतीय वेळेच्या, म्हणजे संगणकाच्या भाषेत कोलकाता, टाइमझोनमध्ये बदलून न घेतल्यास पहाटेची सर्व वाहने आदल्या दिवसात जाऊन बसतात.

राहिला वांधा. खळ्यावर माल ओतल्यानंतर खालचा कांदा हलका निघाला, असे म्हणून भाव कमी करण्यावरून वाद होतो, आणि तडजोडीने नवा भाव ठरतो. अशा वेळी सौद्यातील भावाचा रकाना खोडून नवा आकडा लिहिण्याचा मोह टाळावा. लिलावात पुकारलेला भाव ही घडलेली गोष्ट आहे, आणि नंतरची तडजोड ही दुसरी घडलेली गोष्ट आहे. वांधा नावाचे सहावे टेबल करून त्यात सौद्याचा क्रमांक, नवा भाव, वेळ आणि मान्यता देणाऱ्याचे नाव लिहावे, आणि हिशोब करताना वांध्याची ओळ असेल तर तिचा, नसेल तर सौद्याचा भाव घ्यावा. शेतकरी सहा महिन्यांनी पट्टी घेऊन विचारायला आला, तर दोन्ही भाव दाखवता आले पाहिजेत.

वेब सर्व्हिसकडे

डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे तिजोरी रस्त्यावर ठेवणे होय. पोस्टग्रेस सहसा ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या नेटवर्कवरील दारावर) ऐकत असते. ते पोर्ट बाहेरच्या जगाला बंद ठेवावे आणि मध्ये वेब सर्व्हिस उभी करावी. मोबाइल तिच्याशी एचटीटीपीने (वेबवरील देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीने) बोलतो, ती डेटाबेसशी बोलते. तिच्यासाठी डेटाबेसमध्ये वेगळे खाते असावे, ज्याला ओळी वाचता, घालता आणि बदलता येतील, परंतु टेबल मोडता येणार नाही.

पत्ते नामांवर बेतावेत, क्रियापदांवर नव्हे: सौदे हा एक पत्ता, आणि त्यापुढे क्रमांक दिला की तो एक विशिष्ट सौदा. वाचण्यासाठी गेट, नवीन नोंदीसाठी पोस्ट, बदलासाठी पॅच. गेटच्या विनंतीने डेटाबेसमध्ये काहीही बदलता कामा नये, कारण ब्राउझर आणि मधले सर्व्हर ती विनंती आपल्याला न विचारता पुन्हा पाठवू शकतात.

मोबाइल जेसन या नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या स्वरूपात मजकूर पाठवतो: शेतकरी क्रमांक, वाहन क्रमांक, प्रकार, भाव. सर्व्हिसने प्रथम पाठवणाऱ्याची ओळख तपासावी आणि ती पटली नाही, तर ४०१ हे उत्तर द्यावे (एचटीटीपीत प्रत्येक उत्तराला असा ठरलेला क्रमांक असतो). व्यापारी कोण हे त्या ओळखीवरून सर्व्हिसने ठरवावे. मजकुरात आलेल्या व्यापारी क्रमांकावर विश्वास ठेवला, तर कोणीही दुसऱ्याच्या खात्यावर सौदा चढवू शकेल. त्यानंतर मजकुराची घडण पाहावी: मोडलेल्या जेसनला ४००, घडण बरोबर पण अर्थ चुकीचा असेल, उदाहरणार्थ भाव उणे असेल, तर ४२२. मग ओळ घालणारी इन्सर्टची आज्ञा.

ही आज्ञा लिहिताना आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात जोडून टाकू नये. वाक्यात जागा सोडावी आणि मूल्ये स्वतंत्रपणे द्यावीत; प्रत्येक भाषेच्या लायब्ररीत ही सोय असते. असे न केल्यास कोणी मुद्दाम लिहिलेला मजकूर वाक्याचाच भाग होऊन टेबल पुसू शकतो, हे सर्वश्रुत आहे. पण त्यासाठी हल्लेखोरच लागतो असेही नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या डिसोझा या आडनावातील एकेरी अवतरणचिन्हही अशा वाक्याचा तोल घालवते.

पट्टी तयार करताना वजनाची एक ओळ, कपातींच्या तीन-चार ओळी आणि सौद्याची बदललेली स्थिती, असे अनेक बदल एकदम होतात. हे सर्व एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधावेत: बिगिनने सुरुवात, कमिटने शेवट, आणि मध्ये काहीही बिघडले तर रोलबॅक, म्हणजे जणू काही घडलेच नाही. वजन चढले पण कपाती राहिल्या, अशी अर्धी पट्टी कधीच दिसू नये. उत्तराचा क्रमही महत्त्वाचा आहे. कमिट झाल्याचे डेटाबेसने कळवल्यानंतरच मोबाइलला २०१ (नोंद तयार झाली) द्यावे; आधी दिले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर हिशोबनीस निश्चिंत आणि नोंद मात्र नाही, अशी स्थिती होते.

आता ती चूक. मी पहिल्यांदा अशी सर्व्हिस लिहिली, तेव्हा वरील बहुतेक गोष्टी पाळल्या होत्या आणि एक सोडली होती. आवारात गर्दीच्या दिवशी नेटवर्क संथ चालते. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, नोंद झाली, पण उत्तर परत येईपर्यंत मोबाइलने वाट पाहणे सोडून दिले. हिशोबनिसाला चूक झाल्याचे दिसले आणि त्याने सेव्ह पुन्हा दाबले, जे त्याच्या जागी कोणीही केले असते. एका ट्रॅक्टरचे दोन सौदे झाले. सेव्हचे बटण एकदा दाबल्यावर बंद करण्याचा नियम मी ॲपमध्ये लिहिला होता; तो उत्तराची मुदत संपताच बटण पुन्हा उघडत होता. संध्याकाळी आवकेचा आकडा काट्याच्या बेरजेशी जुळेना, तेव्हा आम्ही रात्री उशिरापर्यंत पट्ट्या हाताने ताडत बसलो.

उपाय साधा आहे. नोंदीचा फॉर्म उघडताच मोबाइलनेच एक यूयूआयडी, म्हणजे १२८ बिटांची जवळजवळ अद्वितीय खूण, तयार करावी आणि त्या नोंदीच्या प्रत्येक प्रयत्नासोबत तीच खूण पाठवावी. सौद्याच्या टेबलात तिच्यासाठी रकाना ठेवून त्यावर युनिकचा नियम लावावा. दुसऱ्यांदा तीच खूण आली की डेटाबेस ओळ नाकारतो, आणि सर्व्हिसने त्यावर त्रुटी न दाखवता आधीच झालेला सौदा शोधून तोच उत्तरात द्यावा. खूण तीच पण मजकूर वेगळा असेल, तर मात्र ४०९ (विसंगती) द्यावे, कारण तेथे ॲपमध्येच काही तरी बिघडलेले असते. नोंद आधीच आहे का हे पाहून मगच इन्सर्ट करू, असा शॉर्टकट काही जण सुचवतात. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही नोंद नसल्याचे दिसते आणि दोन्ही पुढे जातात. ही शर्यत थांबवण्याचा साधा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे युनिकचा नियम.

हाती सोपवण्यापूर्वी

एकच विनंती लागोपाठ पाच वेळा पाठवून टेबलात एकच ओळ दिसते का, ते पाहावे. टेबलात नसलेला शेतकरी क्रमांक पाठवावा. नीट उत्तराऐवजी ५०० (सर्व्हरमधील बिघाड) आले, तर डेटाबेसने नियम पाळला, पण सर्व्हिसने त्याचा अर्थ लावला नाही, असे समजावे. पट्टी तयार होत असताना सर्व्हिस मध्येच बंद पाडून अर्धी पट्टी उरते का ते तपासावे.

बॅकअप रोज रात्री पीजी डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने घ्यावा आणि तो त्याच संगणकावर ठेवू नये. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून सौद्यांची संख्या आणि एखाद्या ठरावीक दिवसाची एकूण रक्कम मूळ डेटाबेसशी ताडून पाहावी. ही ताडणी हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा करून ठेवली, तर ती करायला किती वेळ लागतो हेही कळते, आणि लिलावाच्या दिवशी सकाळी संगणक सुरूच झाला नाही, तर पहिला ट्रॅक्टर काट्यावर येईपर्यंत दुसरा संगणक उभा राहील की नाही, याचे उत्तर त्यातून मिळते.